कुबशाची बॉबीन

१

मशीनवर बसलेल्या बाईला हाक मारू नये, हे आमच्या घरात अजून कुणालाही कळलेलं नाही. टीप अर्ध्यात असते, पाय लयीत पडत असतो, आणि नेमका तेव्हाच आमच्या ह्यांना शेंगाचटणीचा डबा सापडत नाही. लग्न झाल्यापासून हे असंच चाललंय. त्या दिवशी मात्र कुणी हाक मारली नव्हती. मशीन आपलं आपणच अडलं. खालचा दोरा गुंतला, सुई कापडात रुतून बसली. बॉबीन काढून पाहिली तर तिची कड वाकलेली. दुसरी घातली, तिला गंज. तिसरी केसमध्ये, म्हणजे बॉबिनीच्या पत्र्याच्या डबीत बसली, पण फिरायलाच तयार नाही.

माझं मशीन जुनं आहे, काळं, पायानं चालवायचं. ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. त्याची बॉबीन हल्लीच्या बॉबिनींपेक्षा जराशी मोठी असते, नुसत्या डोळ्यांना कळणारही नाही एवढीच. पण तेवढ्यानंच सगळं घोडं अडतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज ह्याच मशीनवर शिवून झालेत. एरवी मी चार दिवस काम बंद ठेवलं असतं आणि बायकांना बसू दिलं असतं बोलत. पण आता थांबून चालणार नव्हतं. मशीनवर माझ्या लेकीचा कुबसा होता.

आमच्या लोकांत सातव्या महिन्यात कुबसा करतात. डोहाळजेवणच म्हणा. माहेरच्यांनी लेकीला हिरवी साडी नेसवायची, आणि ब्लाउज, त्यालाही कुबसाच म्हणतात, आईनं स्वतःच्या हातानं शिवायचा. अक्षता नुकतीच पुण्याहून आली होती. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं होतं. काही पडणं नाही, झडणं नाही. एका सकाळी ते हलायचं थांबलं, एवढंच. तेव्हापासून ती हसायची ते सुद्धा परवानगी विचारल्यासारखं हसायची. या वेळचा कुबसा नीट झाला पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

मी ऊन डोक्यावर घेऊन नवी पेठेतली सगळी दुकानं पालथी घातली. एका पोरानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "काकू, आता हे कोण वापरतंय? मोटरवालं घ्या की." ऑनलाइन मागवल्या, त्या प्लॅस्टिकच्या आल्या आणि केसमध्ये खुळखुळ वाजल्या. शेवटी साखर पेठेत, सुटे भाग विकणाऱ्या एका बोळकांडीवजा दुकानात, धुळाप्पा नावाचा माणूस भेटला. तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मी माझी वाकडी बॉबीन पुढं केली. त्यानं ती न बघताच एका पत्र्याच्या डब्यात हात घातला, चाचपलं आणि एक काढून दिली.

"बसंल का?" मी विचारलं.

"बसंल की."

"अजून आहेत का अशा?"

त्यानं परत डब्यात हात घातला, बराच वेळ ढवळलं. "एवढीच हाय," तो म्हणाला.

मी तिथंच केसमध्ये घालून पाहिली. इतकी चपखल बसली, की मला चक्क बरं वाटलं.

२

माझ्या सासूबाई, सिद्धम्मा, अक्कलकोटजवळच्या गावी राहतात. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. त्यांचे गुडघे गेलेत म्हणून त्या कुबशाला येणार नव्हत्या, पण फोनवरून सगळं चालवायची त्यांची तयारी होती.

"पोटाला टेप लावू नगंस," त्या म्हणाल्या. "पोटाचा आकडा कुणाला कळू द्याचा न्हाय. दोऱ्यानं माप घे. आणि त्यो दोरा हितं-तितं टाकू नगं. बॉबिनीला गुंडाळ, कुबसा त्यावरच शीव. दोरा संपला पायजे बघ."

"आणि उरला तर, अव्वा?"

"उरत न्हाय की. कशाला उरंल?"

मी अशा गोष्टी फारशा मानत नाही. पण मानत नाही म्हणून त्या मोडायलाही जात नाही. विशेषतः मागच्या वर्षीनंतर. हिरव्या रेशमी दोऱ्याचं एक रीळ संपत आलेलं होतं. अक्षता दिवाणावर बसली, मी तिच्या पोटाभोवती दोऱ्याचा वेढा घेतला. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसली. मग दोरा न तोडता तसाच मी बॉबिनीवर भरला आणि रिळात होता तेवढाही त्यावर घेतला. बॉबीन निम्मीसुद्धा भरली नाही. म्हटलं, ब्लाउजचं अस्तर जोडेपर्यंत संपणार हा, मग पुढं साधा दोरा लावू.

मशीन सुरू केलं. किती दिवसांनी असा आवाज ऐकला. मऊ, एकसारखा, कुठं अडखळ नाही. मी एक बाही पुरी केली असेल नसेल, मागून अक्षता ओरडली.

मी दचकून वळले. ती दोन्ही हात पोटावर धरून बसली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आई, हललं. केवढ्यांदा हललं गं. तू चालव की, थांबू नकोस."

मी चालवलं. ते परत हललं. मी तिचा हात बाजूला करून माझा ठेवला, आणि खरंच, आतून टक् करून एक धक्का माझ्या तळहाताला लागला. मला रडू आवरेना. आमचे हे सुद्धा डबा शोधायचं सोडून दारात येऊन उभे राहिले.

त्या आनंदात एक गोष्ट मी ऐकली आणि सोडून दिली. मी पाय थांबवल्यावर मशीननं आणखी एक टाका घातला. सुई हलली नव्हती, चाकही थांबलेलं होतं. आवाज फक्त खालून आला, पत्र्याच्या झाकणाखालून. म्हटलं नवी बॉबीन आहे, बसायला वेळ लागेल.

३

ब्लाउज शिवून झाला तरी बॉबीन संपली नाही.

शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा, बॉबीन किती पुरते याचा अंदाज तिच्या पायाला असतो. शिवताना ती दिसत नाही, मशीनच्या पोटात असते, पण पायाला कळतं की आता संपत आली. अस्तर, बाह्या, पट्ट्या, गळा, सगळं झालं आणि माझ्या पायाला काहीच कळलं नाही. मला वाटलं, मीच दोरा कमी धरला होता. माणसाचा अंदाज चुकतो.

पण अव्वांचं म्हणणं डोक्यात होतं, दोरा संपला पाहिजे. म्हणून मी उशांचे अभ्रे शिवायला घेतले. मग जुन्या चादरीचे तुकडे जोडले. मग नुसत्या चिंध्यांवर सरळ टिपा मारत बसले. हे म्हणाले, "काय गं, फॅक्टरी काढलीस काय?" मी म्हटलं, बाळाला आवडतं. ते खरंही होतं. मी मशीनवर बसले की अक्षता पलीकडच्या खोलीत कुशीवर वळायची आणि दोन्ही हात पोटाला लावायची. तिचा चेहरा बघण्यासाठी मी दिवसभर चिंध्या शिवल्या असत्या.

काळजीची गोष्ट दुसरीच होती. मशीन बंद असलं की बाळ हलत नव्हतं.

हे तिच्या लक्षात आधी आलं, माझ्या नंतर. एके दिवशी वीज नव्हती, घामाच्या धारा लागल्या होत्या, मी मशीनवर बसलेच नाही. दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिनं माझा हात पोटावर ठेवला. आत काहीच नव्हतं. मी तिला गोड खायला दिलं, डाव्या कुशीवर झोपवलं. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर गाणी लावली. तिचे ओठ पांढरे पडायला लागले. तेव्हा मी उठले आणि मशीनवर बसले, आणि दोन टाके पडतात न पडतात तोच आतून तिचा आवाज आला, "हां."

दुसऱ्याच दिवशी तिला दाखवायला नेलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, चिडत नाहीत. त्यांनी पोटावर यंत्र लावून ठोके ऐकवले. ठोके ठीक होते. "या महिन्यात त्यांना ऐकू यायला लागतं," त्या म्हणाल्या. "एखाद्या ठरावीक आवाजाला काही बाळं छान प्रतिसाद देतात. तुमचं बाळ शिंपी होणार बघा."

अक्षता हसली. मीही हसले. एवढं सोपं कारण असताना मी उगीच जीव टांगणीला लावला, असं वाटलं. घरी येताना रिक्षात मात्र मला आठवलं, की टाळीचा आवाज मशीनपेक्षा मोठा असतो.

४

कुबशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. हिरव्या बांगड्या, हिरवी साडी, ओटी, सगळं तयार होतं. आत नेऊन मी अक्षताला ब्लाउज घातला आणि हुक लावले. लावता लावता माझी बोटं थांबली.

ब्लाउज सैल झाला होता.

हाच ब्लाउज मी शिवल्या दिवशी तिला घालून पाहिला होता. तेव्हा बसला तो असा, की खालची पट्टी अंगाला बरोबर लागत होती. उलट माझी चिंता होती, की कुबशापर्यंत तो घट्ट होईल, म्हणून मी आत भरपूर माया सोडली होती. सातव्या महिन्यात बाईचं अंग भरतं, घटत नाही. आता पट्टीत माझी बोटं सहज जात होती. मी टाचणी लावून वेळ मारून नेली.

"नवं कापड आहे, सोडतं जरा," मी तिला म्हटलं. सुती कापड सोडतं. हे सुती नव्हतं.

बाहेर शेजारच्या वहिनींनी तिला ओवाळलं, आणि कौतुकानं म्हणाल्या, "किती नाजूक दिसतेय हो पोरगी. सातवा वाटतच नाही. पाचवा असेल असं वाटतं."

त्यांनी वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण पाचवा हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. अक्षतानं माझ्याकडं पाहिलं, मी ताटाकडं पाहिलं.

पुढच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई आधीसारख्या गप्पा मारत नव्हत्या. बाळाची वाढ जरा मागं आहे, पाणी कमी झालंय, म्हणाल्या. भरपूर पाणी प्या, शहाळी प्या, विश्रांती घ्या. "हालचाल कशी आहे?"

"हालचाल खूप आहे," अक्षता लगेच म्हणाली. "दिवसभर आहे."

"मग चांगलंय. हालचाल हीच मुख्य."

त्या दिवसापासून मी मशीन जवळजवळ बंदच केलं नाही. भाकरी थापून झाली की मशीन, जेवण झालं की मशीन. पोटऱ्या भरून यायच्या. ब्लाउज मी आतून दोनदा आवळला, आणि दोन्ही वेळा तो परत सैल झाला. मी तिला बळंबळं खायला घालत होते, आणि ती खातही होती. मग हे जातंय कुठं, हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला विचारला नाही. स्वतःलाही नीट विचारला नाही.

चिंध्यांची उलटी बाजू मी त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिली. इतके दिवस कोण कशाला पाहतंय? वरून टीप साध्या हिरव्या दोऱ्याची होती, तशी असायलाच हवी होती. खालून ती सुरुवातीच्या चिंध्यांवर रेशमी हिरवी होती. पुढच्या चिंध्यांवर फिकट. आणि अलीकडच्या चिंध्यांवर तिला रंगच नव्हता. पाण्याला असतो तेवढाच. मी बोट फिरवलं तर दोरा ओलसर लागला. माझ्या घरात असला दोरा नाही. सोलापुरात कुणाकडं असेल असंही मला वाटत नाही.

५

दुसऱ्या दिवशी मी ती बॉबीन काढली. काढताना मुद्दाम तिच्याकडं बघितलं नाही. गंजलेल्या बॉबिनीला रॉकेल लावून, घासूनपुसून तीच बसवली. मशीन चाललं. करकरत चाललं, पण चाललं.

अक्षता दारात आली. "आई, आवाज वेगळा येतोय."

"तेल घातलंय."

ती तिथंच उभी राहिली, पोटावर हात ठेवून. मी शिवत राहिले. वर बघायचं धाडस होत नव्हतं. शेवटी वर बघितलं तेव्हा ती रडत होती, आवाज न करता.

"दोन तास झोपतं कधीकधी ते. तू पड जरा," मी म्हटलं. ह्यांना तिच्याजवळ बसवलं, पर्समध्ये ती काढलेली बॉबीन टाकली आणि रिक्षा करून साखर पेठ गाठली. मला काय विचारायचं होतं ते मलाच माहीत नव्हतं. दुसरी तशीच मिळाली तर बघू, निदान हिचं मूळ कळलं तर बघू, असलं काहीतरी.

धुळाप्पा आजही मोबाइल बघत होता. मी बॉबीन काउंटरवर ठेवली. "अशीच दुसरी पाहिजे."

त्यानं ती उचलली आणि पटकन परत खाली ठेवली. हात पँटला पुसला. "गरम हाय की," तो म्हणाला.

"उन्हातून आलेय."

"व्हय, ऊन लई हाय." पण त्यानं तिच्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच. "ही तुमच्या मशीनची न्हाय, बाई. ह्या मापाची बॉबीन मी इकतच न्हाय."

"तूच दिलीस ना? ह्या डब्यातून."

"दिली आसंल. हात घातला, आली." तो जरा ओशाळला. "बसली न्हाय का?"

"बसली."

"मग झालं की." दोरा भरायचं एक छोटं यंत्र काउंटरवर होतं. बॉबीन वाकडी आहे का ते बघायला त्यानं ती त्याच्या खिळ्यावर चढवली आणि बोटानं गरकन फिरवली. ती छान फिरली. कुठं थरथर नाही. थांबायचं नाव घेईना. त्यानं परत एक गिरकी दिली.

माझा फोन वाजला.

"आई," अक्षता म्हणाली. तिचा आवाज आनंदानं फाटत होता. "कुठंयस तू? मशीन कोण चालवतंय?"

"कुणीच नाही. मी बाजारात आहे. का गं?"

"हलतंय. अगं, लई हलतंय, थांबतच नाहीये. गोल फिरल्यासारखं."

मी बॉबिनीवर हात मारून ती थांबवली. फोनमध्ये अक्षता बोलता बोलता गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "थांबलं."

आवाज, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बाळाला आवाज ऐकू येतो. साखर पेठेतून जुळे सोलापुरात कुठला आवाज ऐकू येतो? मी ते कितीही वेळा मनात फिरवलं तरी त्यातून बाहेर पडायला वाट सापडेना.

"काय झालं, बाई?" धुळाप्पानं विचारलं.

मी बॉबीन मुठीत घेतली आणि निघाले. पर्समध्ये टाकायचा धीर झाला नाही. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्यात घालत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला मी मूठ छातीशी धरत होते.

६

घरी आले तेव्हा नळाला पाणी आलं होतं. सगळ्या बिल्डिंगच्या मोटरी चालू होत्या आणि हे वर गच्चीत टाकी भरायला गेले होते. अक्षता आतल्या खोलीत पडली होती. मी तिला दिसले तशी म्हणाली, "मशीन लाव ना गं. तू गेल्यापासून एकदाच काय ते हललं."

"लावते. बघू दे आधी."

मी मागच्या खोलीत गेले आणि अव्वांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, दोरा संपत नसेल तर काय करायचं.

"किती शिवलंस?" त्यांनी विचारलं.

"खूप. रोज."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग कानडीतून, स्वतःशीच बोलावं तसं त्या म्हणाल्या, "साकु, साकु यव्वा." पुरे, बाई, पुरे. मला म्हणाल्या की आणखी कुणाला. फोन त्यांनी ठेवला की कट झाला, कळलं नाही. परत लावला तर लागला नाही.

तेव्हा मी मूठ उघडली.

मी ह्या बॉबिनीत निम्म्याहून कमी दोरा भरला होता. तेवढ्यावर एक ब्लाउज, अभ्रे आणि पोतंभर चिंध्या शिवल्या होत्या. आता ती काठोकाठ भरलेली होती. वरचा सगळा दोरा तोच, बिनरंगाचा, ओलसर. हिरवा कुठं तरी आत, मधल्या दांडीजवळ, अगदी खोल दिसत होता.

मी स्वतःला सांगितलं, डोकं शांत ठेव. बॉबीन आहे, दोरा आहे, बाकी काही नाही. ताण बघ. बॉबिनीचा ताण बघायची आम्हा शिवणाऱ्या बायकांची एक रीत आहे. बॉबीन केसमध्ये घालायची, दोऱ्याचं टोक बोटांत धरून केस हवेत लोंबकळत सोडायची आणि हलकासा हिसका द्यायचा. केस बोटभर खाली घसरली की ताण बरोबर. घसरलीच नाही तर घट्ट. भसकन खाली आली तर सैल. चौथं काही होत नाही.

मी टोक धरलं. केस लोंबकळली. मोटरींची घरघर, गच्चीत ह्यांच्या चपलांचा आवाज. मी हिसका दिला.

केस वर चढली.

फार नाही, बोटभरच. मग थांबली. मी हात अजिबात हलवला नाही, तरी ती आणखी बोटभर वर आली. आतून अक्षताचा आवाज आला, "हां." केस आणखी चढली. "हां, आई, आलं." दोरा केसमध्ये शिरत होता, सावकाश, न अडखळता, आणि माझ्या बोटांतलं टोक मला आत ओढलेलं जाणवत होतं. दुसऱ्या बाजूनंही काहीतरी ओढत होतं. त्या ओढीत जोर नव्हता. पण होती ती. मासा गळाला लागल्यावर जशी लागते तशी, लहानशी, जिवाची.

इतके दिवस बाळ आत खेळतंय असंच आम्ही समजत होतो. ते खेळत नव्हतं. त्याला ह्या बॉबिनीची ओढ बसत होती, त्याच्यातलंच काही इथं गुंडाळलं जात होतं, आणि प्रत्येक ओढीला ते आडवं होऊन अडत होतं.

टोक बोटांतून निसटलं आणि आत गेलं. मी घाईनं केस उघडून बॉबीन तळहातावर घेतली. आता ओढायला बाहेर दोरा उरलाच नव्हता, तरी ती फिरत होती. मी तिच्यावर अंगठा दाबला. ती थांबली. अंगठ्याखाली ती रेटत होती, थोडी थोडी, पण थांबली होती.

शेजारी कात्री होती. मला सगळं सुचलं. कात्रीनं वरचे वेढे कापावेत. खाली जाऊन कचऱ्याला काडी लावावी आणि त्यात टाकावी. सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडून द्यावी. आणि प्रत्येक गोष्ट सुचली की तिच्यामागून लगेच हेही सुचायचं, की कापला तर काय कापलं जाईल. जळाली तर आत काय होईल. माझ्या अंगठ्याखाली काय आहे ते मला माहीत नव्हतं. ते कुणाचं आहे तेवढं माहीत होतं.

म्हणून मी तशीच बसून राहिले, अंगठा दाबून. हे सोपं होतं. दाबून धरायचं, बस्स. अजून दोन महिने. एका हातानं भाकरी होते, एका हातानं बाई झोपतेही. मी धरलं असतं.

"आई."

अक्षता दारात उभी होती. एका हातानं तिनं परकराची नाडी मुठीत धरली होती, नाहीतर तो कमरेवर राहत नव्हता. गाऊनमधून तिचं पोट मला दिसलं, आणि मी नजर वळवली.

"आई, ते थांबलंय," ती म्हणाली. "मघाशी हललं आणि एकदम थांबलं. मागच्या वेळी असंच झालं होतं. असंच एकदम."

"थांबेल जरा. दमलं असेल."

"नाही गं." तिचे दात वाजत होते, एवढ्या उकाड्यात. "दमलं नाही. मला माहितीय कसं वाटतं ते. काही नसतं गं मग. नुसतं जड असतं. आई, मशीन लाव. पाया पडते, लाव."

मी तिला काय सांगणार होते? की हलू नये म्हणून मी दाबून धरलंय? ती भिंतीला टेकली आणि घसरत खाली बसली. मागच्या वर्षी दवाखान्याच्या जिन्यात ती अशीच बसली होती, आणि तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं.

मी पदराखाली अंगठा थोडासा उचलला.

अक्षतानं श्वास घेतला. तिनं डोळे मिटले, तिच्या गालांवर रंग आला, आणि कितीतरी दिवसांनी ती मोकळं हसली. "आलं," ती म्हणाली, आणि बसल्या बसल्या नाडी आणखी आवळून तिनं गाठ मारली.